दंतटोपी व तिच्या पदार्थांचे बल

किडलेला, तुटलेला किंवा मूळनलिकेवर उपचार केलेला दात कोरून लहान केल्यावर त्यावर सर्व बाजूंनी बसविलेल्या आच्छादनास दंतटोपी म्हणतात. व्यवहारात ‘कॅप’ हा शब्द रूढ आहे. दाढांवर जोराने चावल्यास सु. ५०० ते ७०० न्यूटन प्रेरणा येऊ शकते. ती टोपीने वर्षानुवर्षे सोसावी लागते.

पदार्थाचे बल सामान्यतः नमनबलाने सांगतात. वाकविला जात असता पदार्थ तुटण्यापूर्वी जे कमाल प्रतिबल सोसतो ते त्याचे नमनबल होय. फेल्स्पारयुक्त पोर्सलिनाचे ते ६० ते १०० मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेट काचमृत्तिकेचे ३६० ते ५००, तर सु. ३ टक्के यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचे ९०० ते १,२०० मेगापास्कल असते. तथापि केवळ या आकड्यांवरून टोपी निवडणे चुकीचे ठरते. मृत्तिका पदार्थ दाब उत्तम सोसतात. ताणाखाली मात्र त्यांतील सूक्ष्म चीर वाढत जाते, आणि लाळेतील पाण्यामुळे ती अधिक वेगाने पसरते. सोन्याच्या मिश्रधातूत असे होत नाही. अतिप्रेरणेखाली ती किंचित दबते, फुटत नाही. म्हणूनच रंग खटकत असला तरी मागील दाढांसाठी तिची योग्यता आजही निर्विवाद आहे.

झिर्कोनियाचा चिवटपणा त्याच्या स्फटिकरचनेत आहे. चिरेच्या टोकाशी चतुष्कोणी स्फटिकांचे एकनत स्फटिकांत रूपांतर होऊन त्यांचे घनफळ सु. ४ टक्के वाढते व चीर दाबली जाते. हा गुण १९७५ मध्ये गार्व्ही, हॅनिंक व पॅस्को यांनी दाखवून दिला. दातासारखी पारभासकता यावी म्हणून यिट्रियाचे प्रमाण वाढविले की हे रूपांतर जवळजवळ थांबते व बलही बरेच घटते; ‘झिर्कोनिया’ या एका नावाखाली असे भिन्न पदार्थ मिळतात, हे रुग्णास क्वचितच सांगितले जाते.

जाडीचे महत्त्वही मोठे आहे. जाडी निम्मी केल्यास मृत्तिका टोपीची भारक्षमता साधारणतः एक-चतुर्थांशावर येते. उलट जाडीसाठी दात अधिक कोरला, तर उरलेला दातच दुबळा होतो. सोन्याच्या टोपीस कमी जागा पुरते. धातूवर पोर्सलिन चढविलेल्या टोपीस दोन्ही थरांसाठी जागा लागते आणि तिच्या पोर्सलिनाचे कपचे उडण्याचा संभव असतो.

दात खाण्याची किंवा सुपारी चावण्याची सवय असणाऱ्यांत समोरच्या दाताची झीजही विचारात घ्यावी लागते. नीट चकचकीत केलेले झिर्कोनिया दंतवल्कास पोर्सलिनापेक्षा कमी झिजविते. टोपी बसविताना घासून खडबडीत झालेला भाग तसाच ठेवल्यास मात्र ते समोरचा दात कानशीप्रमाणे घासते.