चिमणीचा पट्टा, माळरानाचा पट्टा

मुंबईत लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 280 मीटरचा ‘वर्ल्ड वन’ टॉवर उभा राहिला. बारामती-इंदापूरकडे मात्र आकाशात वर चढलेली खूण म्हणजे आजही साखर कारखान्याची चिमणी. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर. यांपैकी बहुतेकांच्या उसाला पाणी नीरा डाव्या कालव्याचं. गाळप सुरू झालं की धूर दिसतो आणि पारावर तुलना सुरू होते: यंदा भाव कुणाचा जास्त? माळेगाव आणि सोमेश्वरच्या सभासदांमधली ही चढाओढ खरीखुरी आहे, कारण टनामागे शंभर रुपयांच्या फरकावर घरातलं लग्न ठरतं किंवा लांबतं.

सुपे बारामती तालुक्यातच, पण जिरायत पट्ट्यात. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा नीरेच्या कालव्यापासून दूर राहिला. इथे लोकांचे डोळे जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाकडे लागलेले असतात. जवळचं मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथल्या खुरट्या गवतात चिंकारा मान वर करतो, तेव्हा क्षितिजावर त्याच्याहून उंच फारसं काही नसतं. हे माळरान पडीक समजून कुणी खोडू नये. बागायत पट्ट्याशी बरोबरी करायचीच, तर ती पाण्यात व्हावी.