किल्लारीची सावड



ही जागा खरे तर लागण, बेणे आणि खताची. पण ३० सप्टेंबर जवळ आला की आम्हाला दुसरे काही सुचत नाही.

१९९३ साली आम्ही शाळकरी होतो. गणपती बोळवून गाव निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडे भांडी पडली, तेवढ्यावर भागले. औसा तालुक्यातील किल्लारी आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या बाजूला मात्र गावेच्या गावे बसली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार राहावे म्हणून वाडवडिलांनी बांधलेली घरे अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. दिवस उगवायच्या आत आमच्या गल्लीतल्या बाया भाकरी थापायला बसल्या होत्या. आईची परात त्या दिवशी रिकामी झालीच नाही.

मेलेल्यांना अग्नी देऊन होतो न होतो तोच जोंधळ्याची पेर तोंडावर आली. कुणाकडे माणूस उरला तर बैल गेला, कुणाचा बैल उरला तर औत धरणारा गेला. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, अशी सावड आपल्या भागात पूर्वापार चालते. दुःखातल्या घराला तिचाच आधार.

पुढे सरकार आले, जागतिक बँकेचा पैसा आला. ५२ गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे पक्की, यात वाद नाही. पण रस्ते रुंद झाले आणि शेजार लांब गेला, शेतही लांब गेले. हाक मारली तर ऐकू जाईना, ही तक्रार म्हाताऱ्या माणसांची. आम्हाला ती खरी वाटते.

जी गावे जागेवरच राहिली, तिथे घरांची दुरुस्ती व मजबुती करायची होती. त्या कामी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. भूकंपात कसे टिकेल असे घर बांधावे, हे त्या घरोघर सांगत. उंबऱ्याबाहेर बोलायची ज्यांना चोरी, त्याच बाया २००१ साली कच्छच्या भूकंपानंतर तिकडच्या बायांना धीर द्यायला गेल्या. पुण्याला भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिकायला नेली, तेही विसरता येत नाही.

संकट काही एकदाच येऊन थांबत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. तेव्हा सगळे उसाकडे बोट दाखवत होते. ऊस विकास अधिकारी म्हणून आम्हाला ते झोंबले. पण मोकाट पाटपाणी देणाऱ्याने ते बोलणे थोडे तरी ऐकावे.

आता कारखान्याचे. भूकंपात घरातले सगळे कागद ढिगाऱ्याखाली गेले आणि विधवांना, पोरक्या पोरांना 'आम्हीच वारस' हे पटवून देत हिंडावे लागले. तरीही आमच्या गटांत कितीतरी सभासदांच्या शेअर्सवर वारसाचे नाव नाही. विचारले की, "साहेब, मरायची एवढी घाई कशाला?" असे हसून टाळतात.

मागच्या हंगामात एका गटात कर्ता माणूस ऐन तोडीत गेला. त्याची पाळी लांब होती. शेजारच्या चौघांनी आपली पाळी मागे घेतली आणि त्या बाईचा ऊस आधी जाऊ दिला. नोंदीच्या तारखेत बसत नाही म्हणून कारकून अडला, तेव्हा आम्ही सही केली. अशी वेळ कुणावर आली तर शेजाऱ्यांनीच गट ऑफिसला कळवावे, त्या घरच्यांना हेलपाटे घालायला लावू नये. वारसनोंदीचा अर्ज तिथेच मिळतो; येताना शेअर सर्टिफिकेट आणावे, आणि जमले तर घरच्या बाईलाही सोबत आणावे.