सोंगाची मान

वालचंदनगरच्या कारखान्यातला वेल्डर काम करताना कधी पाहिलाय? एका हातात होल्डर, दुसऱ्या हाताने जॉब धरलेला. डोक्यावरची काळ्या काचेची ढाल खाली घ्यायला तिसरा हात आणायचा कुठून? तो मानेला एक बारीकसा झटका देतो आणि ढाल खट्‌कन तोंडावर येते. मग ठिणग्या. आता त्याचा चेहरा दिसत नाही, तरी गडी वैतागलाय की कामात रमलाय ते लांबूनही कळतं. खांदे सांगतात, मान सांगते. कॉलनीतल्या मुलांना मुखवट्याचा अभिनय शिकवताना पहिल्या दिवशी मी त्यांना हा झटका करून दाखवायला लावतो. निम्म्यांचे वडील नाहीतर काका कारखान्यात, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.

माझी स्वतःची सुरुवात फजितीची. गणपतीतल्या नाटकात बकासुर झालो होतो. कागदी लगद्याचा झकास मुखवटा, सुळे, वटारलेले डोळे; तोंडाला मात्र भोक ठेवायचं राहिलं होतं. मी आत जिवाच्या आकांताने संवाद ओरडत होतो आणि तिसऱ्या रांगेत नुसतं घूं-घूं ऐकू येत होतं. भुवया चढवल्या, दात विचकले, नाकपुड्या फुगवल्या. लगद्याच्या मागे हे सगळं मीच करत होतो आणि मलाच माहीत होतं.

बोलायचं की नाही हे नट ठरवत नाही, मुखवटा ठरवतो. दशावतारात सुरुवातीला येणारा गणपती सोंडेचा मुखवटा चढवून येतो आणि चकार शब्द काढत नाही. त्याच रात्री संकासुर येतो: काळा वेष, तोंडावर काळं कापड, लोंबती लाल जीभ. तो मालवणीत असा सुटतो की हसून पुरेवाट होते. कापडातून आवाज येतो, लगद्यातून येत नाही, इतका सरळ हिशेब आहे. इटलीतल्या ‘कॉमेडिया देल आर्ते’वाल्यांनी मधली वाट काढली आणि अर्धाच मुखवटा ठेवून तोंड मोकळं सोडलं.

मुखवटा शक्यतो ज्याने घालायचा त्यानेच करावा. शाडूचा चेहरा घडवायचा. डोळ्यांच्या खोबणी आणि गालाची हाडं खऱ्यापेक्षा ठसठशीत, कारण लांबून बारीक नक्षी दिसत नाही. त्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, म्हणजे वाळल्यावर सुटून येतो. मग खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या, एक थर छापील, एक कोरा, असं आलटून पालटून. कुठे थर चुकला ते लगेच दिसतं. सहा-सात थर पुरतात. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तकांचे बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको; विष आहे आणि तुमचं नाक-तोंड त्याला लागून असणार. सावलीत वाळवायचा, उन्हात वेडावाकडा होतो. शेवटी आतून कपाळाला आणि गालांना फोमचे तुकडे चिकटवायचे. नाकावर टेकणारा मुखवटा पाचव्या मिनिटाला नटाला रडवतो.

खरं शिक्षण मात्र रंगवलेल्या मुखवट्यापासून सुरू होत नाही, कोऱ्यापासून होतं. फ्रान्समध्ये झाक कोपो आणि त्यांच्यामागून झाक लकॉक यांनी ही पद्धत बसवली. लकॉक यांनी पॅरिसमध्ये 1956 साली शाळा काढली. कोऱ्या मुखवट्याला राग नाही, हसू नाही, कसलाच भाव नाही. तो घालून जमिनीवर निजायचं, आयुष्यात पहिल्यांदाच जाग आल्यासारखं उठायचं आणि लांब बघायचं. बस. करून बघा. कुणी उठताना उगाच डोकं खाजवतो, कुणाचा डावा खांदा वर राहतो, कुणी पाय ओढतो. एरवी चेहऱ्याच्या गडबडीत खपून जाणाऱ्या या सवयी चेहरा गेला की उघड्या पडतात. महिनाभर मी मुलांकडून दुसरं काही करून घेत नाही. कंटाळतात बिचारी, पण इलाज नाही.

नियम थोडेच, पण कडक. मुखवटा आधी हातात धरून नीट बघायचा. चढवताना प्रेक्षकांकडे पाठ. चढवल्यावर त्याला हात लावायचा नाही. बोटं लागली की तो पुठ्ठा होतो. बोलायचं असेल तर आधी काढायचा.

मग नाक. डोळ्यांच्या भोकांतून फार थोडं दिसतं आणि प्रेक्षकाला तुमची बुबुळं दिसतच नाहीत. त्यामुळे बघायचं ते नाकाने: नाक जिकडे, नजर तिकडे. पूर्ण बाजूला वळलात तर मुखवट्याची कड आणि इलॅस्टिक दिसतं, सोंग मेलं. समजा दारावर थाप पडली. आधी मान दाराकडे, थांबा, मग मान प्रेक्षकांकडे, थांबा, त्यानंतर पाय उचला. तिन्ही एकदम केलंत तर गोंधळ दिसतो. एकामागून एक केलंत तर विचार दिसतो. हनुवटी जराशी वर केली की गालांवर उजेड पडून मुखवटा उजळतो, खाली केली की डोळ्यांत सावली भरते. जपानच्या नो नाटकात या दोन हालचालींना स्वतंत्र नावंच आहेत: तेरासु म्हणजे उजळणं, कुमोरासु म्हणजे झाकोळणं.

आपल्याकडे हे सगळं शाळेशिवाय शिकलेली माणसं आहेत. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा समाजांतले लोक गणपती, नरसिंह, त्राटिका, रावण अशी सोंगं नाचवतात. मुखवटे पूर्वी लाकडी असत, आता कागदाच्या लगद्याचेही असतात आणि त्यांची पूजा होते. संवाद नाहीत, संबळ आणि सनई चालवतील तसं सोंग चालतं. रावणाचा मुखवटा दहा तोंडांचा, रुंद. त्याला नुसती मान वळवून भागत नाही, कमरेपासून अख्खा वळावा लागतो आणि त्यातूनच त्याचा दरारा येतो. टेंभ्याच्या हलत्या उजेडात लाकडी गाल जिवंत वाटतात. ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात तोच मुखवटा सपाट पडतो, हे माझं ठाम मत आहे.

गिरीश कर्नाडांचं ‘हयवदन’ बसवायची आमची इच्छा आहे, चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं. त्यात देवदत्त आणि कपिल यांच्या मुंडक्यांची अदलाबदल होते, आणि रंगमंचावर ती होते मुखवट्यांच्या अदलाबदलीने. शिर बदललं की धडाची चाल बदलायला हवी, पण किती? हे दोन नटांना जमेपर्यंत आम्ही तालमीला हात घालणार नाही.

यंदा होळीनंतर जव्हारकडे जाणं झालं, तर बोहाड्याच्या गावात मुक्काम करा. खेळ रात्रभर चालतो. सतरंजी आणि शाल जवळ असू द्या. आणि मुखवट्याचे रंग बघून झाले की थोडा वेळ सोंगाची मान बघा.