खिडकी उघडी, खोकला दूर

फेब्रुवारी २०२१मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी करोनाबाधित आढळले. आपलं रिठद गावही याच तालुक्यातलं. म्हणून असा संसर्ग पसरण्यामागचं शास्त्र इथे प्रत्येक घराला ठाऊक हवं. बोलताना, खोकताना निघणारे अतिसूक्ष्म तुषार बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. दाटीवाटीने झोपणाऱ्यांच्या श्वासात तेच जातात. तेव्हा थंडीतही समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. सर्दी-खोकला असेल तर मास्क लावा, मुलांना शाळेत पाठवू नका, साबणाने २० सेकंद हात धुवा. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा ताप उतरेना, तर थेट दवाखाना गाठा. वयस्कर, गरोदर आणि दमेकरी मंडळींनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.