चर्चचे दार आणि कायद्याचा उंबरठा

कॅथलिक पंथात रविवारच्या मिस्साला उपस्थित राहणे हे श्रद्धाळूचे कर्तव्य मानले जाते. आजारपणासारख्या कारणाखेरीज ते चुकवायचे नसते. असे असताना ८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांताचे बिशप आल्बर्टो रोहास यांनी एक फर्मान काढले. स्थलांतरितांवरील सरकारी कारवाईच्या भीतीने ज्यांना चर्चमध्ये येणे शक्य नाही, त्यांना या कर्तव्यातून सूट देण्यात आली. त्याआधी जून महिन्यात याच धर्मप्रांतातील दोन चर्चच्या आवारांत काही जणांची धरपकड झाली होती. रोहास स्वतः मेक्सिकोत जन्मलेले. आपल्या लोकांच्या मनात काय चालले आहे, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

ही भीती एकाएकी का उद्भवली? अमेरिकेत स्थलांतरविषयक कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘आइस’ या यंत्रणेने २०११ मध्ये एक मार्गदर्शक धोरण आखले होते. शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे येथे अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करू नये, असा त्याचा आशय होता. २०२१ मध्ये हे संरक्षण अधिक विस्तारण्यात आले. परंतु ते धोरण होते, कायदा नव्हे. त्यामुळे २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्षपदी येताच अंतर्गत सुरक्षा खात्याने ते रद्द केले. गुन्हेगारांना शाळा आणि चर्चमध्ये लपण्याची मुभा मिळू नये, अशी सरकारची भूमिका होती.

या निर्णयाविरुद्ध धर्मसंस्था न्यायालयात गेल्या. ‘क्वेकर’ पंथीयांनी दाखल केलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो येथील शीख गुरुद्वाराही सामील झाला. मेरीलँडमधील संघीय न्यायाधीशांनी २४ फेब्रुवारी २०२५ रोजी अंतरिम मनाईहुकूम दिला, पण तो केवळ दावेदारांच्या प्रार्थनास्थळांपुरता. मेनोनाइट पंथ आणि अन्य संघटनांनी वॉशिंग्टनमध्ये केलेल्या दुसऱ्या दाव्यात मात्र एप्रिल २०२५ मध्ये अशी मनाई नाकारण्यात आली. थोडक्यात, एका प्रार्थनास्थळाला काही काळ संरक्षण, तर शेजारच्याला नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्करी विमान अमृतसरला उतरले, तेव्हा त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते.

शरणागताला देवाच्या दारी अभय मिळते, ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये तर चर्चमध्ये आश्रय घेण्याचा हक्क कायद्याने मान्य होता. तो १६२४ मध्ये संपुष्टात आला. अमेरिकी कायद्यात असा हक्क कधीच नव्हता. तरीही २४ मार्च १९८२ रोजी ॲरिझोनातील टूसॉन शहराच्या साउथसाइड प्रेसबिटेरियन चर्चने आपण आश्रयस्थान असल्याचे जाहीर केले. एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला येथील यादवीतून जीव वाचवून आलेल्यांचे आश्रयाचे अर्ज तेव्हा सर्रास फेटाळले जात होते. धर्मगुरू जॉन फाइफ आणि क्वेकर कार्यकर्ते जिम कॉर्बेट यांनी सुरू केलेल्या या चळवळीत पुढे शेकडो चर्च आणि सिनेगॉग सहभागी झाले.

सरकारने चळवळीत खबरे घुसवले, खटले भरले. १९८६ मध्ये फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले. मात्र कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही. दुसरीकडे, धर्मसंस्थांनीच सरकारवर दाखल केलेल्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड झाली आणि साल्वादोर व ग्वाटेमालाच्या निर्वासितांच्या अर्जांची नव्याने सुनावणी करणे सरकारला मान्य करावे लागले. हा इतिहास आज मुद्दाम आठवायला हवा. चर्चच्या भिंतींनी काही माणसांना आसरा दिला. पण त्याहून कितीतरी अधिक लोकांना दिलासा मिळाला तो वकिलांच्या चिकाटीमुळे.

म्हणूनच आज चर्चने काय करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘दार उघडून लपवून ठेवावे’ हे नाही. कागदपत्रे नसलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून लपवणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा ठरू शकतो. एखाद्या कुटुंबाला आवारात राहू देण्याआधी चर्चने वकिलाचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. परंतु ज्ञान देणे, वकील मिळवून देणे, सोबत करणे, जेवू घालणे यांवर बंदी नाही आणि खरी गरज तिथेच आहे.

सर्वप्रथम माहिती. भीती अफवांवर पोसली जाते. अनेक चर्चमध्ये प्रार्थनेनंतर लोकांच्या भाषेत हक्कांची माहिती देणारी सत्रे होतात. त्यांत वॉरंटचे दोन प्रकार समजावून सांगितले जातात. एक न्यायाधीशाच्या सहीचे, दुसरे खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचे. दुसऱ्या प्रकारच्या वॉरंटवर संमतीविना खासगी जागेत शिरता येत नाही, असे वकील शिकवत आले आहेत. चर्चलाही हाच भेद लागू होतो: सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रार्थनागृहात कोणीही येऊ शकतो, कार्यालय, पाळणाघर किंवा धर्मगुरूंचे निवासस्थान ही खासगी जागा असते. तेव्हा अधिकारी आलेच, तर त्यांच्याशी कोणी बोलायचे, कागद कोणी वाचायचा, वकिलाला फोन कोणी करायचा, हे आधीच ठरलेले असावे. अडथळा आणू नये, खोटे बोलू नये आणि गोंधळ माजू देऊ नये.

दुसरी गरज वकिलाची. स्थलांतर न्यायालयात आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. लहान मुलालाही नाही. या पोकळीत फसवणूक फोफावते. लॅटिन अमेरिकेत ‘नोटारिओ’ हा कायद्याचा मोठा जाणकार असतो. अमेरिकेत नोटरी केवळ सहीची साक्ष देतो. या शब्दसाम्याचा फायदा घेऊन भामटे गरिबांकडून पैसे उकळतात आणि चुकीचे अर्ज भरून त्यांची प्रकरणे कायमची बिघडवतात. चर्च येथे मोलाचे काम करू शकते. न्याय खात्याची मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थांचे प्रशिक्षित प्रतिनिधी वकील नसतानाही अशी प्रकरणे चालवू शकतात. कित्येकांना आपण एखाद्या सवलतीस पात्र आहोत, हेच ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत हळवी. आईबाप कामावरून परतलेच नाहीत, तर शाळेतून मुलांना कोणी आणायचे? अमेरिकेत जन्मलेली ही मुले बहुधा तिथली नागरिक असतात. भय असते ते पालकांना. म्हणून अनेक चर्चचे स्वयंसेवक कुटुंबांना शांतपणे बसवून कागद तयार करून घेतात. त्यांत मुलांचा तात्पुरता सांभाळ करणाऱ्याचे नाव, मुखत्यारपत्र, जन्मदाखले, पासपोर्ट, औषधांची यादी, वकिलाचा क्रमांक असे सारे असते. हे काम करताना आईचे डोळे भरून येतात. पण कागद पूर्ण झाल्यावर तिला थोडी तरी झोप लागते.

चौथी गोष्ट सोबतीची. २० जून २०२५ रोजी सॅन दिएगोचे बिशप मायकेल फाम, जे बालपणी व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आले, अन्य धर्मगुरूंसह स्थलांतर न्यायालयात जाऊन बसले. सुनावणीसाठी येणाऱ्यांना त्या काळात न्यायालयाच्या आवारातच अटक होत होती. धर्मगुरू निकाल बदलू शकत नाहीत. पण साक्षीदार असला की सत्तेलाही आपले वागणे तोलावे लागते. अटक झालीच, तर माणूस कोणत्या केंद्रात आहे हे शोधणे, त्याला भेटणे, मागे राहिलेल्यांचे भाडे आणि किराणा भागवणे, घरी जाऊन प्रार्थना करणे ही कामे पुढे अनेक महिने चालतात.

चर्चने एक पथ्यही पाळायला हवे. कोणाकडे कागदपत्रे आहेत, कोणाकडे नाहीत, याची यादी करू नये. नसलेली यादी कोणाच्या हाती लागत नाही. शिवाय प्रत्येक चर्चमध्ये कठोर कारवाईला पाठिंबा देणारेही असतातच. सीमेचे धोरण काय असावे, यावर त्यांचे मतभेद राहोत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी प्रचंड बहुमताने सरसकट हद्दपारीला विरोध करणारे निवेदन काढले. त्याच निवेदनात सीमांचे नियमन करण्याचा राष्ट्राचा अधिकारही मान्य केला आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाला शाळेतून घरी आणण्यासाठी मात्र धोरणावर एकमत व्हावे लागत नाही.

‘तुला काही होणार नाही’ असे वचन आज कोणतेही चर्च प्रामाणिकपणे देऊ शकत नाही आणि ते देऊही नये. ‘जे होईल, त्यात तू एकटा नसशील’ एवढे वचन मात्र देता येते आणि ते पाळताही येते. सॅन बर्नार्डिनोत रविवारी जी जागा रिकामी राहिली, तिथे बसणाऱ्याच्या घरी त्या दिवशी कोणी जाऊन आले का, यावर त्या चर्चची परीक्षा आहे.