लाडूला कोण सांभाळणार?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घराघरांत सुट्टीची बोलणी सुरू होतात. आजोळी जायचं की कोकणात, रिझर्व्हेशन मिळालं का, कुरडया-पापड जायच्या आधी उरकायचे की आल्यावर, असं सगळं चाललेलं असतं. ज्या घरात कुत्रं आहे, तिथं यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. याचं काय करायचं? पोमेरियन असला, लॅब्रेडॉर असला तर शेजारचं कुणीतरी 'ठेवा हो आमच्याकडं' म्हणतं. त्यांच्या मुलांनाही हौस असते. पण कुत्रा रॉटवायलर असेल तर? नुसतं नाव घेतलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. मग कुत्र्यासाठी घरातलं कुणीतरी एक मागं राहतं. ते कुणीतरी कोण असतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या कराडमध्ये, आमच्याच गल्लीत, समोरच्या वहिनींकडं असा एक रॉटवायलर आहे. आणला मुलानं, कॉलेजात असताना. पिल्लू अगदी गोल गरगरीत होतं म्हणून नाव ठेवलं लाडू. पुढं मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि लाडू आईच्या गळ्यात पडला. (हेही काही नवीन नाही. हौस पोरांची, निस्तरायचं आईनं.) आता लाडूचं वजन ४५ किलो आहे. कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली शिरायला बघतो, मावत नाही म्हणून अर्धाच शिरतो. पण हे घरातल्यांना माहीत. गल्लीला दिसतं ते काळंभोर अंग, रुंद डोकं आणि फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी.

वहिनींचं माहेर राजापूरचं. दोन वर्षं मे महिन्यात नवरा आणि मुलगी जाऊन आली, वहिनी लाडूपाशी राहिल्या. कुणी विचारलं की 'मला आंब्याचं तसं काही नाही हो' म्हणायच्या. पण २०२५च्या मे महिन्यात त्यांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. तिथं लेक नाही म्हणजे काय? फेब्रुवारीतच वहिनी माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळ्यांची कामं करता, माझं एवढं एक बघा."

आम्ही दोघींनी मिळून फोन करायला सुरुवात केली. कोल्हापूर, सातारा, पुणे. सगळीकडं पहिला प्रश्न तोच, 'ब्रीड कोणतं?' त्यानंतर 'सॉरी मॅडम'. कुत्रा कसा आहे, कुणाला चावलाय का, लसी झाल्यात का, यातलं एकानंही विचारलं नाही. एकानं घ्यायची तयारी दाखवली, पण नऊ दिवस पिंजऱ्याबाहेर काढणार नाही म्हणाला. आणखी एकानं तर गंमतच केली. मी सहज विचारलं, "मग गावठी कुत्रं घेता का?" तर तेही नाही! म्हणजे फार नावाजलेला नको आणि बिननावाचाही नको. मधल्यांचीच सोय.

त्या लोकांची बाजू अगदीच खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्याकडं दुसऱ्यांची कुत्री असतात. एका गिऱ्हाइकानं रॉटवायलर बघितला तर बाकीचे आपली कुत्री काढून घेऊन जातात. शिवाय एवढ्या मोठ्या कुत्र्यानं एकदाच तोंड घातलं तरी जखम मोठी होते, हे कुणी नाकारू नये. रागावलेलं पोमेरियन आणि रागावलेला रॉटवायलर, दोन्ही सारखीच असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत.

पण ही भीती एवढी पसरली त्याला कारणं आहेत. २०२२ च्या जुलैमध्ये लखनौला एका वृद्ध बाईंचा त्यांच्या घरच्याच पिटबुलनं जीव घेतला. ती बातमी देशभर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझियाबाद महापालिकेनं पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जाती पाळायला बंदी केली. पुढं १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. त्या यादीत रॉटवायलर होताच. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. मात्र रद्द झाल्याची बातमी आमच्या गल्लीपर्यंत कधी पोचलीच नाही, बंदीची तेवढी पोचली. अजूनही 'अहो, याच्यावर तर बंदी आहे ना?' असं वहिनींना लोक विचारतात. आपल्या नगरपालिकेचा वेगळा काही नियम आहे का, हे मात्र पाळणाऱ्यानं स्वतः जाऊन विचारून घ्यावं.

रॉटवायलर ही जात मूळची जर्मनीतल्या रॉटवाइल गावची. गुरं हाकायची आणि खाटकांच्या मालाच्या गाड्या ओढायच्या, हे त्यांचं काम. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि २ हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून शास्त्रज्ञ म्हणाले की एखादं कुत्रं कसं वागेल यातला जेमतेम ९ टक्के फरक त्याच्या जातीमुळं पडतो. बाकीचं त्या एकट्या कुत्र्याचं, त्याच्या घरचं, त्याला मिळालेल्या वळणाचं. माणसाचंही याहून वेगळं कुठं असतं?

तोवर इकडं सल्ल्यांचा पाऊस पडत होता. वहिनींचे दीर म्हणाले, "मळ्यात आणून बांधा, गडी भाकरी टाकेल." आखूड साखळीला दिवसचे दिवस बांधून ठेवणं ही क्रूरता आहे, १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. पण कायदा बाजूला ठेवा. घरात वाढलेलं कुत्रं अनोळखी मळ्यात बांधून टाकलं तर ते भितं, आणि भ्यालेलंच कुत्रं चावतं. दुसऱ्या एकानं सांगितलं, लांब माळावर नेऊन सोडा, होईल त्याचं काहीतरी. हाही त्याच कायद्याखाली गुन्हा. तिसऱ्यानं झोपेच्या गोळ्या सुचवल्या. त्याचं डॉक्टरांनीच तोंड बंद केलं.

सगळ्यात शहाणा सल्ला एका नातेवाईक बाईंचा होता. "रॉटवायलर सांगूच नका. लॅब्रेडॉर क्रॉस म्हणायचं, काळा आहे, खपून जातो." वहिनी क्षणभर विरघळल्या, मला दिसलं. मी ठाम नाही म्हटलं. सांभाळणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे माहीतच नसेल तर तो दार उघडं टाकणार, दुसऱ्या कुत्र्यात सोडणार, पोरांना हात लावू देणार. काही घडलं तर जखम कुणाला तरी होणार आणि नाव पुन्हा रॉटवायलरचंच जाणार. कायद्याचा बडगा मालकावर येईल तो वेगळाच. आपल्या जनावरामुळं कुणाला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही होऊ शकतं.

मार्ग निघाला तो पशुवैद्यकीय दवाखान्यात. लाडूला लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाहेर कशाला ठेवता? त्याला घरातच राहू द्या, माणूस घरी आणा." त्यांनीच नाव सुचवलं, त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या व्रणोपचारक काकांचं. आयुष्यभर मारके बैल आणि लाथाळ म्हशी धरलेला माणूस! काकू त्यांच्यासारख्याच. दोघंही तयार झाली. पण काकांची अट एकच होती. "दोन महिने आधीपासून येणार. ऐन वेळी किल्ली देऊन जायचं असेल तर मी नाही."

त्यांची ओळख करून घ्यायची पद्धत मी मुद्दाम बसून बघितली. पहिल्या दिवशी त्यांनी लाडूकडं बघितलंसुद्धा नाही. ओसरीवर बसले, चहा घेतला, वहिनींशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघून गेले. लाडू साखळीत होता, भुंकून भुंकून दमला. म्हणाले, "अनोळखी माणूस डोळ्यांत डोळे घालून बघायला लागला की कुत्र्याला ते भांडण वाटतं." तिसऱ्या-चौथ्या खेपेला जवळून जाताना चपातीचा तुकडा खाली टाकला, हातानं दिला नाही. मग लाडूच येऊन चप्पल हुंगायला लागला. पुढच्या आठवड्यात काकू सोबत. त्यानंतर फिरायला, आधी पट्टा वहिनींच्या हातात, मग काकांच्या हातात आणि वहिनी बाजूला, मग वहिनी घरातच. एप्रिलअखेर एक रात्र परीक्षा म्हणून काका-काकू तिथं झोपले आणि वहिनी माझ्याकडं. लाडू रात्रभर घोरला म्हणे. झोप लागली नाही ती वहिनींना.

मुसक्याचीही सवय याच दोन महिन्यांत लावली. बैलाला मुसकं बांधतात तसंच, पण जाळीच्या टोपलीसारखं घ्यायचं. त्यातून कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी घट्ट पट्टा उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतो, कारण कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः जीभ बाहेर काढूनच. मुसकं घालून फिरायला लागल्यावर गल्लीतल्या आयाही जरा सैल झाल्या. माझं मत विचाराल तर अशा जातीचं कुत्रं पाळणाऱ्यानं एवढं लोकांसाठी केलंच पाहिजे. 'माझा काही करत नाही हो' हे वाक्य समोरच्याला धीर देत नाही.

वहिनींनी एक वही करून ठेवली. किती वाजता काय खातो, कोणत्या शब्दाला बसतो, कशाला बिचकतो (कुकर!), डॉक्टरांचा नंबर, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, नगरपालिकेतल्या नोंदणीचा कागद. गरज पडली तर उपचार करा, अशी सहीची चिठ्ठी आणि वेगळे पैसे पाकिटात. खाणं बदलायचं नाही म्हणून नऊ दिवसांच्या पुड्या बांधलेल्या. घरात त्या दोघांशिवाय कुणाला घ्यायचं नाही, नातवंडांनासुद्धा नाही, आणि फाटकाला आतून कुलूप. शेजारी आम्ही चार घरांना तारखा सांगून ठेवल्या. काळ्या अंगाला ऊन फार लागतं, म्हणून फिरणं सकाळी सातच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, चालताना झोकांड्या जात असतील तर साध्या पाण्यानं अंग भिजवून लगेच दवाखाना गाठायचा, हेही त्यात लिहिलं होतं. गोचीड रोज बघायची, कानाच्या आत आणि पायांच्या बोटांत. जाताना वहिनी आपली वापरलेली एक साडी लाडूच्या गोणपाटावर टाकून गेल्या.

पहिल्या दिवशी लाडू जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राजापूरहून वहिनींचा रडवेला फोन, "ताई, मी परत निघते." काकूंनी माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "अहो, नवी सून तरी पहिल्या दिवशी पोटभर जेवते का? तो पाणी पितोय, फिरतोय. तुम्ही आईजवळ बसा." तिसऱ्या दिवशी सकाळी दहीभात आणि उकडलेलं अंडं, पातेलं लख्ख. पुढं काही सांगण्यासारखं घडलं नाही, एवढंच सांगायचं. आईला ओवाळतानाचा वहिनींचा फोटो आला, तो मी काकूंना दाखवला, काकूंनी लाडूला दाखवला.

दिवसाला चारशे रुपये ठरले होते. काकूंनी ते पैसे आमच्या बचत गटात भरले तेव्हा बायकांचे कान टवकारले. 'कुत्र्यापाशी बसायचे चारशे?' मी म्हटलं, नुसतं बसायचे नाहीत, सगळं सांगितलं. दूधदुभतं करणाऱ्या आमच्यातल्या दोघी शिकायला तयार झाल्या. त्यांना जनावराची भीती नाही, आणि डोळा आहे. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची काही लावायचं नाही आणि तडक सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, हा पहिला धडा. असं काम नेहमी करायचं असेल तर रेबीजची लस आधीच टोचून घेता येते, तीही डॉक्टरांना विचारून दोघींनी घेतली. पट्टा धरायला काकाच शिकवतात, लाडूवरच.

येत्या दिवाळीसाठी त्यांच्याकडं आत्ताच दोन घरांनी विचारून ठेवलंय. एक पामेरियन आहे, त्याचं फटाक्यांचं तेवढं बघावं लागेल. दुसरा डोबरमन. त्याच्या घरी चहाला जायला त्या दोघी पुढच्या रविवारपासून सुरुवात करणार आहेत, आणि पहिल्या दिवशी त्याच्याकडं बघायचं नाही हे काकांनी त्यांना दोनदा बजावून सांगितलंय.