खेळाडू आणि प्रशिक्षक: चिनी स्त्रियांच्या बर्फावरील हॉकीविषयी

बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या चिनी स्त्रीच्या कारकीर्दीचा विचार करावयाचा, तर प्रथम ईशान्येकडील हेइलोंगज्यांग प्रांताकडे वळावे लागते. हार्बिन व छीछीहार ही दीर्घ हिवाळ्याची नगरे या खेळाची मूळस्थाने होत. लहानपणी शासकीय क्रीडाशाळेत आलेली मुलगी प्रांतिक संघातून राष्ट्रीय संघात जाते. खेळणे थांबल्यावर याच व्यवस्थेत प्रशिक्षक म्हणून परतण्याचा मार्ग तिला मोकळा असतो. खेळाडू व शिक्षक या जणू एकाच सेवेच्या दोन पायऱ्या होत.

या व्यवस्थेला आरंभी आलेले यश थक्क करणारे होते. १९९२ च्या जागतिक स्पर्धेत चीन पाचवा आला. १९९४ व १९९७ मध्ये चौथा. १९९८ साली नागानो येथे स्त्रियांच्या या खेळास ऑलिंपिकमध्ये प्रथमच प्रवेश मिळाला. तेथे कॅनडासारख्या बलाढ्य संघास चीनविरुद्ध दोनच गोल करता आले. कांस्यपदकाचा सामना मात्र फिनलंडने ४–१ असा जिंकला. गोलरक्षक गुओ होंग हिला 'चीनची महाभिंत' ही उपाधी याच काळातली. परंतु भिंतीची इतकी गरज भासावी, यातच संघाचे दौर्बल्य दिसते. निवडीस खेळाडूच मोजके होते. २००२ व २०१० च्या ऑलिंपिकमध्ये चीन सातवा आला. २००६, २०१४ व २०१८ मध्ये तो पात्रच ठरला नाही. अनुभवी शिक्षिका सिद्ध असाव्यात आणि शिष्या मात्र थोड्या, अशी ही विचित्र अवस्था होती.

२०२२ चे ऑलिंपिक बीजिंगला व्हावयाचे ठरल्यावर शासनाने जवळची वाट धरली. २०१७ साली दोन चिनी संघ कॅनडातील लीगमध्ये उतरविण्यात आले. उत्तर अमेरिकेत वाढलेल्या चिनी वंशाच्या खेळाडूंना पाचारण झाले. प्रशिक्षकपद ब्रायन इडाल्स्की या अमेरिकन गृहस्थांकडे गेले. (ज्या नॉर्थ डकोटा विद्यापीठात ते शिकवीत, त्याने आपला स्त्रियांचा संघ २०१७ मध्येच बंद केला होता!) डेन्मार्क व जपान यांना हरवूनही चीन नववाच राहिला.

या संघाची कर्णधार यू बाइवेइ २०१० मध्येही खेळली होती. जुनी क्रीडाशाळा आणि नवी परदेशी पद्धत, दोन्ही तिच्या पिढीने अनुभवल्या आहेत. माझ्या मते प्रशिक्षक म्हणून अशाच खेळाडूंचे मोल सर्वाधिक. २०२३ साली शेंझेन येथे चीनने जागतिक स्पर्धेच्या अव्वल गटात पुन्हा स्थान मिळविले, आणि २०२४ साली ते गमावले.